पुढच्या वर्षी या

चंपाषष्ठीची यात्रा झाली. ओझरला खंडेरायाची यात्रा म्हणजे घरात पाहुणेच पाहुणे. बारागाडे ओढून झाले, भंडारा उधळून झाला, भरीत-रोडगा झाला, आणि मंडळी जरा निवांत टेकली की विषय माझ्यावर. "काय गं, तुझं ते नर्सिंगचं काय झालं? अ‍ॅडमिशन मिळालं होतं ना?"

आता खरं सांगते, मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. नाशिकच्या मामींना सांगितलं, तब्येत बरी नव्हती. लासलगावच्या आत्यांना सांगितलं, बघू पुढच्या वर्षी. धाकट्या जावेला सांगितलं, फी जास्त होती. चौथ्या माणसाने विचारलं तेव्हा आमची तिसरीतली कन्या मध्येच म्हणाली, "आई, तू सगळ्यांना वेगवेगळं का सांगतेस?" म्हटलं, आता एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं. म्हणजे वाचणाऱ्या सगळ्यांना एकच उत्तर मिळेल, आणि मलाही.

तर झालं असं.

मी इथल्या एका छोट्या प्रसूतिगृहात रिसेप्शनला आहे. नऊ वर्षं झाली. केस पेपर काढणं, फोन घेणं, नातेवाइकांना चहाच्या टपरीचा रस्ता सांगणं, हे माझं काम. पण लहान दवाखान्यात कामाच्या भिंती नसतात. सिस्टर एकटी असली की मी हात लावते. पलीकडून "या गं जरा" अशी हाक आली की रजिस्टर मिटून धावते. नऊ वर्षांत किती बाळांना पहिल्या दुपट्यात गुंडाळलं असेल, मोजलं नाही. पण माझ्याकडे कागद नाही. कागद नाही म्हणून पगार महिना नऊ हजार, आणि कागद नाही म्हणून इंजेक्शनच्या ट्रेला मी हातही लावायचा नाही. ते योग्यच आहे. म्हणूनच तो कागद मिळवायचं मनात होतं.

जीएनएमला बारावीला कुठलीही शाखा चालते, इंग्रजी हवं आणि 40 टक्के हवेत. माझी बारावी आर्ट्सची. कोर्स तीन वर्षांचा. पण वयाची अट 35. मला तेहेतीसावं चालू आहे. म्हणजे दार उघडं होतं, पण किलकिलं. मोठी शाळेत रुळली, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकलं, ह्यांचं ठेकेदाराकडचं काम जरा नियमित झालं, आणि यंदा मी फॉर्म भरला. यादीत नाव लागलं. त्या दिवशी मी पिंपळगावहून पेढे आणले होते, ते ज्यांनी खाल्ले त्यांना आठवत असेल.

आणि त्यानंतर बरोबर अकराव्या दिवशी कळलं की मला दिवस गेले आहेत.

हसू नका. नऊ वर्षं प्रसूतिगृहात काम करणाऱ्या बाईला हे उशिरा कळावं याचं मलाही हसू आलं होतं. हसून झाल्यावर थोडं रडूही आलं. आठ वर्षं वाट बघून आम्ही दुसऱ्याचा विचारच सोडून दिला होता. हवं होतं तेव्हा आलं नाही, आणि आलं ते नेमकं आत्ता. मूल नको असं एक क्षणही वाटलं नाही, हे आधी सांगून टाकते. पण नर्सिंग सोडावं असंही वाटलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या मनात एकाच वेळी असू शकतात, हे लोकांना पटवणं फार कठीण जातं.

प्रवेशाला वैद्यकीय दाखला लागतो. विद्यार्थिनी शारीरिकदृष्ट्या सक्षम असावी, अशी अट आहे. मी आमच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, "गरोदरपण म्हणजे आजार नव्हे. तू फिट आहेस, तसं लिहून देते. पण बारा आठवडे झालेत हेही लिहीन. अर्धं खरं लिहिणार नाही." त्यांनी तसंच लिहून दिलं. गरोदर, बारा आठवडे, प्रकृती उत्तम.

तो कागद घेऊन मी नाशिकला गेले. कुठल्या शाळेत ते विचारू नका, कारण तिथल्या बाई वाईट नव्हत्या आणि माझं भांडण त्यांच्याशी नाही. त्यांनी कागद वाचला, परत वाचला, आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी या."

मी विचारलं, "जागा राहील?"

"जागा कशी राहील? पुढच्या वर्षी परत सगळं. परत अर्ज, परत यादी."

"मग तसं लेखी द्याल का?"

"लेखी कशाला?" त्या जरा थांबल्या, दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "हे बघा, हा कागद तुम्ही दाखवला म्हणून मला कळलं. उद्यापर्यंत मुदत आहे. दुसरा साधा दाखला आणलात तर मी काही विचारणार नाही."

म्हणजे मला एक रात्र मिळाली. जो काही निर्णय झाला तो त्या रात्री झाला.

घरी आले तर सगळ्यांची मतं तयार होती. आई (म्हणजे सासूबाई) म्हणाल्या, "बाई, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस." माझी माहेरची मावशी फोनवर म्हणाली, "अगं, सहाव्यापर्यंत कुणाला दिसतंय? वरून एप्रन असतो. एकदा अ‍ॅडमिशन पक्कं झालं की कोण काढतंय!" (मावशी, तू हे वाचत असशील तर रागावू नकोस. तू माझ्या भल्याचंच बोललीस.) दवाखान्यातली मैत्रीण म्हणाली की तिच्या ओळखीत एकीने असंच केलं होतं, सातव्या महिन्यापर्यंत ओढणी पुढे घेऊन वॉर्ड केले. हे म्हणाले, "तू ठरव, मी आहे." हे वाक्य ऐकायला छान असतं, पण रात्री दोन वाजता त्याचा फारसा उपयोग होत नाही :)

मी वही घेतली आणि हिशोब मांडला. मला हिशोबानेच शांत वाटतं.

कोर्स ऑक्टोबरात सुरू होणार, बाळ मार्चच्या शेवटी येणार. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींना 80 टक्के हजेरी लागते. वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरले तर साठ दिवस चुकले तरी चालतात. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात, म्हणजे चाळीसेक दिवस. साठात चाळीस बसतात! शिवाय नियमाचा दुसरा भाग असा की डिप्लोमा हातात पडायच्या आत प्रॅक्टिकलची हजेरी मात्र 100 टक्के पूर्ण करावी लागते. म्हणजे चुकलेली ड्युटी नंतर भरून काढता येते, हे नियमातच गृहीत धरलेलं आहे. कुणाला कावीळ होते, कुणाचा अपघात होतो, त्या मुली मागाहून ड्युट्या भरून काढतातच की. पहिल्या वर्षी शरीरशास्त्र, नर्सिंगची मूलतत्त्वं, सामुदायिक आरोग्य असे विषय. प्रसूतिशास्त्र तिसऱ्या वर्षाला. तोवर माझं बाळ दीड-दोन वर्षांचं झालं असतं, आणि वर्गात त्या विषयात माझ्यापेक्षा जास्त कुणाला कळलं नसतं.

मग दुसरं पान घेतलं आणि धोके लिहिले. तेही खोटे नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाला इजा होऊ शकते, आणि त्याची लस गरोदरपणात देत नाहीत. टीबीचा वॉर्ड. एक्स-रे. ऑपरेशन थिएटरमधला भुलीचा वायू. कॅन्सरची औषधं, जी हाताळायलाही जपून लागतात. आणि सगळ्यात साधं म्हणजे ऐंशी किलोचा पेशंट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवणं.

पण मग आमच्या सिस्टर आठवल्या. त्या आठव्या महिन्यापर्यंत कामावर होत्या. नाइट बंद केली, जड उचलायला मावशींना बोलवायचं ठरलं, पोर्टेबल एक्स-रे आला की त्या बाहेर. कुणी त्यांना "पुढच्या वर्षी या" म्हणालं नाही. नोकरीतल्या नर्सेस सगळीकडे गरोदर असतातच आणि काम करतातच. वॉर्ड तेच, पेशंट तेच, जंतूही तेच. मग शिकाऊ मुलीला जो धोका आहे तो शिकलेल्या सिस्टरला कसा नाही?

याचं उत्तर मला पहाटे कधीतरी सापडलं. सिस्टरचं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तिला जपता आलं. मी साधा दाखला दिला असता तर माझं कुणालाच ठाऊक नसतं. टीबी वॉर्डात नाव लागलं तर काय सांगायचं? एक्स-रेच्या वेळी बाहेर का गेले, काय सांगायचं? पेशंट उचलायला हात का आखडला? रोज एक नवं खोटं. नाहीतर खोटं बोलायचं नाही म्हणून मुकाट्याने उचलायचं, आणि मग माझ्यासकट दोघांचं काय व्हायचं ते होणार. खरा धोका लपवण्यातच होता. जो नियम बाईला लपवायला लावतो तो तिला वाचवत नाही. उलट जी थोडीफार काळजी घेता आली असती तीही काढून घेतो.

आणि आणखी एक गोष्ट. नर्सचं पहिलं काम काय? दिसलं ते चार्टवर लिहिणं. ताप 102 असेल तर 102. डॉक्टर रागावतील म्हणून 100 लिहायचा नाही. जिला हे काम शिकायचंय तिने शाळेत पाऊल टाकताना पहिला कागदच खोटा द्यायचा?

मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. जागा गेली.

आता हे वाचून कुणी म्हणेल, बरं झालं, बाळ महत्त्वाचं. तर थांबा. थांबण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. काही जणींनी थांबावंच. ज्यांचं बीपी वाढतं, ज्यांचं आधी वाया गेलंय, ज्यांच्या घरी बाळ बघायला कुणी नाही, त्यांनी खुशाल थांबावं. माझा आक्षेप एवढाच आहे की "थांबा" म्हणणाऱ्याने परतीची वाट ठेवायला हवी. एएनएमच्या माहितीपत्रकांत मी एक ओळ वाचली आहे. विवाहित मुलींना प्रवेश आहे, पण प्रशिक्षणात असताना गरोदर राहिल्यास प्रशिक्षण सोडून पुढच्या वर्षीच्या वर्गात यावं लागेल. ओळ कडक आहे, पण निदान तीत "पुढच्या वर्गात यावं" असं म्हटलेलं तरी आहे. माझ्या बाबतीत तेवढंही नव्हतं. माझं "पुढच्या वर्षी या" म्हणजे बस चुकली, पुढची येईल तेव्हा पुन्हा रांगेत उभ्या राहा. आणि 35 ची वेस समोर असताना अशा किती रांगा परवडतात? या वर्षी तेहेतीस, पुढच्या वर्षी चौतीस. मोजायला बोटंही लागत नाहीत.

हे असं का, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. ज्या शाळेत बाळंतपण कसं करायचं ते शिकवतात तिथेच पोटुशी मुलगी कुणाच्या डोळ्यांपुढे नाही, हे कसं? मला वाटतं, याचं मूळ जुनं आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात 1860 मध्ये सुरू झाली तेव्हापासून शिकाऊ नर्स म्हणजे होस्टेलात राहणारी, मागे संसार नसलेली बाई. आपल्याकडे रमाबाई रानड्यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन काढलं आणि ससून रुग्णालयात नर्सिंग शिकवायची सोय केली, तेव्हा त्या वाटेने गेल्या त्या प्रामुख्याने विधवा. त्या काळात केवढं धाडस ते! सोवळ्यातल्या घरची बाई परक्या रोग्याला हात लावणार म्हणजे काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल. आज मी नर्स व्हायचं म्हणते ते त्यांच्याच पुण्याईवर. पण शाळेचं वेळापत्रक, होस्टेल, नाइट ड्युटी हे सगळं ज्या बाईला समोर ठेवून आखलं गेलं तिला घरी मूल नव्हतं. नंतर शिकणाऱ्या बायका बदलल्या, वेळापत्रक तेच राहिलं.

आणि हे फक्त शाळेपुरतं नाही. लष्करी नर्सिंग सेवेतल्या एका अधिकारी बाईंना लग्न केलं म्हणून 1988 मध्ये सेवेतून काढलं होतं. तो नियम 1995 मध्ये मागे घेतला गेला, पण त्यांना न्याय मिळायला फेब्रुवारी 2024 उजाडलं. सुप्रीम कोर्टाने तो नियम मनमानी ठरवला आणि त्यांना 60 लाख रुपये द्यायला सांगितले. पस्तीस वर्षांहून जास्त काळ! रोग्यांची सेवा करणाऱ्या बाईने स्वतःचं घर मांडलं की ती कामातून गेली, ही समजूत इतकी चिवट आहे.

शिकणाऱ्या बाईचं तर आणखीच कठीण. प्रसूती रजेचा कायदा 1961 मध्ये झाला, 2017 च्या दुरुस्तीने ती रजा 26 आठवड्यांची झाली, पण ती नोकरदार बाईला. विद्यार्थिनी पगार घेत नाही, उलट फी देते, मग तिला रजा कोण देणार? विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2021 मध्ये विद्यापीठांना पत्र लिहून सांगितलं की विद्यार्थिनींच्या बाळंतपणासाठी रजेचे आणि हजेरीतल्या सवलतीचे नियम करा. जानेवारी 2023 मध्ये केरळ सरकारने आपल्या विद्यापीठांत अठरा वर्षांवरच्या विद्यार्थिनींना 60 दिवसांची प्रसूती रजा मंजूर केली. साठ! माझ्या वहीतलाच आकडा. पण जीएनएम हा विद्यापीठाचा कोर्सच नाही. त्याची परीक्षा घेतं महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्या इथून जवळ, म्हसरूळला, 1998 पासून आहे, पण त्याच्या छत्राखाली बीएस्सी नर्सिंग येतं, मी नाही. आणि बारावी आर्ट्सवाल्या, लग्न झालेल्या, उशिरा शिकायला निघालेल्या बायका जातात त्या एएनएम-जीएनएमलाच. जिथे गरज जास्त तिथेच पत्र पोचत नाही.

माझं मागणं मोठं नाही. एक, गरोदर आहे असं सांगितल्यावर जागा जाऊ नये. ती थांबणार असेल तर वर्षभर जागा राखून ठेवा, तसं लेखी द्या, आणि वय पहिल्या अर्जाच्या दिवसाचं धरा. दोन, ती थांबणार नसेल आणि डॉक्टर फिट म्हणत असतील तर नोकरीतल्या सिस्टरला जसं सांभाळून घेता तसं तिला घ्या. वॉर्ड बदला, चुकलेली ड्युटी नंतर करून घ्या. नियमात तेवढी जागा आहेच. तीन, सांगणारीला शिक्षा आणि लपवणारीला प्रवेश, हे उलटं गणित बंद करा.

कुणी म्हणेल, एकीसाठी जागा ठेवली तर दुसऱ्या एकीची जागा अडते. बरोबर आहे, एका वर्षापुरती अडते. पण पुढच्या वर्षी मी परत रांगेत उभी राहणार म्हणजे तेव्हाही कुणाची तरी जागा अडणारच ना?

हे सगळं मी एका रात्री अण्णांना (सासऱ्यांना) तावातावाने सांगत होते. अण्णा आमच्या इथल्या विमानांच्या कारखान्यातून, म्हणजे मिगमधून रिटायर झालेत. आयुष्य ओव्हरहॉलमध्ये गेलं. 17 ऑक्टोबर 2025 ला इथे बनलेल्या तेजसने पहिलं उड्डाण केलं तेव्हा गच्चीवर उभं राहून टाळ्या वाजवणारे हेच ते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्याकडे विमान ओव्हरहॉलला यायचं तेव्हा पार सुटं व्हायचं. इंजिन वेगळं, पंख वेगळे. महिनोन्‌महिने हँगरात पडून असायचं. पण त्याचा नंबर कधी दुसऱ्या विमानाला दिला नाही कुणी. ते परत उडणार आहे हे धरूनच सगळा हिशोब असायचा."

एवढं बोलून ते बातम्या लावायला उठले.

सध्या सहावा चालू आहे. दवाखान्यात जाते आहे. सिस्टर जड काही उचलू देत नाहीत. त्यांचं जुनं शरीरशास्त्राचं पुस्तक घरी आणलंय, इंग्रजीत आहे, रोज दोन पानं होतात. हाडांची नावं कन्येला माझ्याआधी पाठ झाली. पुढच्या ऑक्टोबरात बाळ सहा-सात महिन्यांचं असेल, वरचं खायला लागलेलं असेल. आई म्हणाल्यात, "मी आहे." दोन दगडांवाल्याच त्या :) ह्यांनी नाशिकच्या गाड्यांच्या वेळा लिहून फ्रिजवर चिकटवल्यात. अर्ज मी परत भरणार. परत यादी लागेल किंवा लागणार नाही.

आणि नाव लागलं तर दाखल्यावर जे असेल तेच लिहिलेलं असेल. बाळंतपण झालेली, अंगावर पाजणारी, प्रकृती उत्तम.

असो. यात्रेला विचारलंत म्हणून सांगितलं. आता पुढच्या यात्रेला विचारा.